हँडल उलटं मारलं

त्या जुन्या जीपचं हँडल माझ्या गॅरेजात आहे, वेल्डिंग मशीनच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलेलं. जीपवाले दोघे भाऊ ते मागायला येऊन गेले, मी दिलं नाही. पुढंही देणार नाही. गाडीला नवीन सेल्फ बसवून दिलाय, चावी फिरवा आणि चालते व्हा. हँडल पाहिजे कशाला? थोरला म्हणाला, "मिस्त्री, गाडीचं सामान आहे ते." मी म्हटलं, "भाऊ, सामान गाडीचं आहे, पन तुमच्या घरात ते गाडीले लागत नाई." त्यावर थोरला हसला. धाकटा हसला नाही.

माझं गॅरेज ब्रह्मपुरीत. पोट भरतं ते ट्रॅक्टर आणि पिकअपवर, पण जीव जुन्या पेट्रोल जीपांत. काम शिकलो घुग्घुसला, कोळशाच्या ट्रकांवर. तिथला उस्ताद पान्यानं शिकवायचा, म्हणजे चुकलं की पाना बोटांवर. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. पण इंजिन कसं ऐकायचं ते त्यानंच शिकवलं. क्रँक, म्हणजे इंजिनाच्या पोटातला फिरता दांडा, हातात आली की आधी ऐकायची, मग नखानं चाचपायची, मग मोजायची. उलटा क्रम केला की बसलाच पाना. माझंही डोकं काही थंड नाही. चिडलो की हातातलं फेकतो, आणि मग बायको म्हणते, जा, आता तूच शोध तो बोल्ट नालीत. त्यामुळे रागीट माणसाबद्दल मी काही वरच्या पाटावर बसून बोलत नाहीये, एवढं आधी ध्यानात घ्या.

तर हे दोघे भाऊ. गाव तळ्याकाठचं, धानाचं. बाप लवकर गेला. थोरल्यानं धाकट्याला अंगाखांद्यावर वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं, आणि तेवढंच बदडलंही. त्याला दोन्हींत फरकच वाटत नसे. घर त्याच्या नावावर, वावर त्याच्या नावावर, शब्दही त्याचाच. धाकटा पस्तिशीचा, एका पोरीचा बाप, पण थोरला दारात आला की हा अजूनही बाजेवरून उठून उभा राहायचा. जीप बापाची. तिच्यावर थोरल्याचा जीव असा, की बापाचा फोटो एखाद्या दिवशी पुसायचा राहील, पण जीपची काच राहायची नाही. चालवायचा मात्र धाकटा. बाजार, लग्नं, दवाखाना, सगळं त्याच जीपवर.

इंजिन मीच बांधून दिलं होतं. क्रँक चंद्रपूरला घासून आणली, नवीन बेअरिंगं टाकली, सगळं बसवलं. थोरल्यानं माझ्या बायकोसाठी तळ्यातली ताजी मासोळी आणली होती तेव्हा. गाडी अशी गोड चालत होती की मी रस्त्यावर तिचा आवाज ऐकून हातातलं काम थांबवायचो.

पुढं धान लोंबीवर आला आणि पावसानं दडी मारली. ज्याला जिथून जमेल तिथून तो पाणी उपसत होता. लाइन दिवसभर नसायची. माणसं नुसती चिडलेली, पानटपरीवर एकमेकांच्या अंगावर जात. त्या दिवसांतली ही गोष्ट.

सकाळी मी चहा घेत होतो. एक ट्रॅक्टर जीप ओढत आला. ट्रॅक्टरवर थोरला, जीपच्या स्टेअरिंगवर धाकटा. जीप जवळ आली तसा मी ग्लास हातात घेऊनच उठलो. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक. आतला रॉड तुटून, ब्लॉक फाडून बाहेर आला होता, आणि त्याचं मोडकं टोक भोकातून दिसत होतं. बैलानं शिंग घालावं तसं, फक्त आतून बाहेर. मी बांधलेलं इंजिन! माझ्या तोंडून शिवी निघाली.

"काय झालं बे?" मी धाकट्याला विचारलं.

"नाल्याच्या उतारावर होतो भाऊ. ठाण ठाण वाजाले लागली. म्या पाय काढला, तोवर धाडकन फुटलीच. न्यूट्रल टाकून पुलापर्यंत आनली कशीबशी."

तेवढ्यात थोरला उतरला. त्यानं जीपच्या सीटखालून हँडल ओढलं. जुन्या जीपला पुढून घालून फिरवायचं ते लोखंडी हँडल, हातभर लांब, दोनदा वाकवलेलं.

"तेल नवतं तिच्यात!" तो ओरडला. "तेलाची पट्टी काढून पाह्यली मी. ठक्क कोरडी! गाडीखाली थेंब नाई! बिनतेलाची हानली यानं माया बापाची गाडी!"

"तेल होतं दादा. कालच पाह्यलं..."

पहिला घाव पाठीत बसला. धाकटा जीपच्या मडगार्डवर पडला. दुसरा डोक्यावर आला असता, पण त्यानं उजवा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या जागेवरून ऐकू आला. धाकटा ओरडला नाही, त्यानं नुसता श्वास आत ओढला. थोरल्यानं हँडल पुन्हा उचललं. मी ग्लास फेकला आणि धावलो. तिसरा माझ्या मांडीवर बसला. मग माझंही डोकं फिरलं. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला जीपच्या बॉनेटवर आपटला, एकदा नाही, दोनदा. त्याच्या नाकातून रक्त आलं. तो मला लाथा घालत होता आणि मी त्याचा गळा दाबत होतो. पन्नाशी ओलांडलेले दोन बाप्ये भर सकाळी रोडवर हे धंदे करत होतो.

माझ्या बायकोनं मागून भरली बादली आणली आणि आमच्या दोघांवर ओतली, भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तशी.

"माणसं आहा का कोन आहा?" ती थोरल्यावर कडाडली. "पोरासारखा वाढवला ना त्याले? आता मारून टाका! टाका मारून, मी पाहून राह्यली!"

थोरला ठिबकत उभा राहिला. हँडल सोडलं नव्हतंच. नाक पुसत तो मला म्हणाला, "खोल, मिस्त्री. इंजिन खोल. क्रँक सांगन काय ते. बिनतेलाची चालवली असन ना, तर यानं बायको-पोरीले घेऊन माया घरातून निघायचं. उभ्या उभ्या. आन जाताना दुसराबी हात तोडून पाठवन मी."

हे रागाच्या भरातलं बोलणं आहे असं तुम्हाला वाटेल. मला वाटलं नाही. तो माणूस बोलला की करायचा. आणि धाकट्याला दुसरं घर नव्हतं, दुसरं वावर नव्हतं. क्रँक जळालेली निघाली की तो रस्त्यावर, एका मोडक्या हातानिशी, बायको आणि शाळकरी पोरगी घेऊन. एवढं साधं होतं ते.

माझ्या बायकोनं धाकट्याचा हात तिच्या ओढणीनं गळ्यात बांधला. दवाखान्यात मोटारसायकलवर मी नेलं, थोरला मागं बसून आला. भावाचा हात आपणच मोडला आणि आपणच त्याला टेकू देऊन बसला! डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? धाकट्याच्या आधी थोरलाच बोलला, "जीपचं हँडल उलटं मारलं."

आता हे खोटं असलं तरी पटण्यासारखं होतं. जुनी पेट्रोल गाडी हँडलवर सुरू करताना कधी कधी इंजिन उलटा झटका देतं, आणि हँडल जोरात उलटं फिरून मनगटावर येतं. आमच्याकडं कित्येकांचे हात असे मोडलेत. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वेढा द्यायचा नाही, हे पोराला गाडी शिकवताना पहिलं सांगतात. धाकट्याला ते थोरल्यानंच सांगितलं असणार. डॉक्टरनं मान हलवली, प्लास्टर घातलं. धाकट्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला त्याचाही राग आला. अरे बोल की! तोंड आहे ना?

दुसऱ्या दिवशी दोघे आले, एकाच बसनं, वेगवेगळ्या सीटवर बसून. थोरला टायरवर बसला आणि जीपमधून ते हँडल काढून मांडीवर आडवं घेतलं. मी म्हटलं, खाली ठेवा ते. ठेवलं नाही. धाकटा दाराजवळ स्टुलावर बसला, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. थोरला बाहेर पान थुंकायला गेला तेव्हा तो हळूच म्हणाला, "बायकोनं गाठोडं बांधून छपरीत ठेवलं भाऊ. मी म्हटलं, अजून क्रँक खोलली नाई. ती म्हने, दादाले मी ओळखते का तुमी?"

इंजिन चेनपुलीनं वर घेतलं. खरं सांगायचं तर भीती मलाही होती. इंजिन माझं होतं. क्रँक मी घासून आणवली होती. चंद्रपूरवाल्यानं घासताना कोपऱ्यातली गोलाई ठेवली नसेल, कोपरा धारदार सोडला असेल, तर तिथून चीर जाते आणि सगळं फुटतं, आणि मग दोष ना तेलाचा ना धाकट्याचा, माझा. रात्री झोप नव्हती. पण चूक माझी निघाली तर निदान या पोराचं घर वाचेल, असंही मनात येत होतं, आणि लगेच वाटत होतं, पण मग ते हँडल माझ्या डोक्यात!

खालचं चेंबर उतरवलं, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचा तेलाचा डबा. तो तसाच बाजूला ठेवला. पहिल्या सिलेंडरचा रॉड दोन तुकड्यांत, त्याच्या बेअरिंगचा पार चुरा. क्रँक सोडवली, डिझेलनं धुतली आणि दोरानं हुकला टांगली. मग लहान हातोडी घेतली.

"मारता काऊन तिले?" थोरल्यानं विचारलं.

"बोलत नाई ना मारल्याशिवाय," मी म्हटलं. "तुमच्या घरातल्यासारखंच."

मी हातोडी हलकेच घातली. चीर असलेली क्रँक भद्द वाजते, मडकं फुटकं असलं की वाजतं तशी. ही ठण्ण वाजली, आणि वाजतच राहिली. मी दुसरीकडं मारली, तिसरीकडं मारली. सगळीकडं ठणठणीत. तरी मन भरेना. रॉकेलनं माखली, पुसून कोरडी केली, वर खडूची पूड चोळली. चीर कुठं असलीच तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. चहा होईपर्यंत थांबलो. रेघ नाही. कोपऱ्यातून बोट फिरवलं, गोलाई जिथल्या तिथं. चंद्रपूरवाला सुटला, मी सुटलो. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी मी धाकट्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं. मिस्त्रीची चूक नाही म्हणजे आता तोच उरला.

मग जर्नल पाहायला घेतले. रॉड क्रँकला जिथं पकडतो ते हे गोल चकचकीत भाग, चार रॉडांचे चार. पहिला पाहिला. निळाकाळा पडला होता. लोखंड तापून तापून असा रंग येतो. बेअरिंगचा पांढरा धातू त्याच्यावर वितळून लिंपला गेलेला, खाली चर पडलेले. मायक्रोमीटर लावला. उभा लावला तर एक माप, आडवा लावला तर दुसरं. गोल राहिलाच नव्हता, अंडं झाला होता.

थोरला उठून माझ्या खांद्यामागं येऊन उभा होता. "जळला ना?" तो म्हणाला. "पाहा! जळला! मी सांगत नवतो का!" आणि धाकट्याकडं वळला. "ऊठ बे. जा घरी आन तुया बायकोले घेऊन..."

"थांबा!" मी ओरडलो. "चार आहेत ते! एकच पाह्यला मी!"

"एक जळला का चार, काय फरक पडते?"

"तुमाले नसन पडत. मले पडते. बसा तथी टायरवर!"

कसा कोण जाणे, बसला. मी दुसऱ्या जर्नलवरून नख ओढलं. नख अडकत होतं, खरखरीत ओरखडे. पण निळा नव्हता. तिसऱ्यावर बारीक रेघा, नख कुठं अडकत होतं, कुठं सरकत होतं. चौथ्यावर नख ठेवलं तर सरळ घसरून गेलं. आरशासारखा. त्याचं बेअरिंग मी आधीच वेगळं ठेवलं होतं, ते उलटं करून बोट लावलं. बोट ओलं झालं. तेल! सोनेरी, चांगलं तेल.

मी तिथंच बसून राहिलो. बिनतेलाची गाडी पळाली असती तर चारही जर्नल काळे पडले असते. तेल नसतं तेव्हा कोणालाच नसतं. इथं पुढचा मेलेला आणि मागचा सुखात, आणि मधले दोघे पायरीपायरीनं. म्हणजे तेल होतं. पण मागं होतं. इंजिन चालू होतं तेव्हा तेल सगळं मागं होतं. का?

मी चेंबर उचलून बाहेर उन्हात नेलं आणि आत डोकावलो. तेल खूप तापत राहिलं की चेंबरच्या भिंतीवर जिथवर ते असतं तिथवर काळी रेघ चिकटते. रोडवर चालणाऱ्या गाडीची रेघ सरळ असते. ही तिरपी होती. मागच्या बाजूला उंच चढलेली आणि पुढं येता येता तळाला लागलेली. ही गाडी दिवसच्या दिवस नाक वर करून, एकाच जागी उभी राहून, तापून चालली होती.

मी चेंबर घेऊन आत आलो. "गाडी नाक वर करून उभी कोनं केलती? चालू ठेवून?"

"मीनं," थोरला लगेच म्हणाला, आणि खोटं नाही सांगत, त्याची छाती फुगली. "तळ्याच्या पाळीवर. पंपाची मोटार जळली, धान वाळून राह्यला होता. मांगचं चाक उचललं, टायर काढला, पट्टा लावला आन तळ्याचं पानी उपसलं. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. आख्खं वावर ओलं केलं मिस्त्री, तुमच्या इंजिनानं! गाव पाहाले येत होतं."

आमच्याकडं हे करतात. जीपचं चाक उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि मळणी म्हणा, पंप म्हणा, काहीही फिरवायचं. त्यात गैर काही नाही. पण गाडी सपाटीवर उभी करतात. याचा पाइप आखूड, म्हणून यानं जीप तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उलटी खाली पाण्यापर्यंत उतरवली होती. बूड पाण्याकडं, नाक आभाळाकडं. तेल सगळं मागं जाऊन बसलं आणि पुढचा जर्नल दिवसभर तहानेला मेला.

"मी सांगतलं होतं," धाकटा स्टुलावरून म्हणाला. त्या दोन दिवसांत तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "दादा, आडवी लाव, दुसरा पाइप आनतो म्हटलं. तू मले चिखलात ढकललं. लोकं हासले."

मग माझा बांध फुटला. त्या माणसाला मी आजवर भाऊ म्हणत आलो होतो, वयानं मोठा म्हणून. त्या दिवशी सगळं गेलं.

"हे पाह्य!" मी चेंबर त्याच्या तोंडापुढं धरलं. "दिसते का रेघ? का डोये फुटले? तेल होतं यात! भरपूर होतं! तू टांगलं गाडीले, तू जाळला पहिला जर्नल! मंग ती रोडवर निघाली आन मेलेला रॉड तुटला. त्या बिचाऱ्याच्या हातात तुटला म्हून त्याचा दोष?"

"पट्टी कोरडी होती..."

"ब्लॉक फाटल्यावर तेल आत राह्यते का, बैला? भोकातून सांडलं सगळं! उताराच्या वरतं सांडलं आन गाडी खाली पुलापर्यंत घरंगळत आली. तू गाडीखाली पाह्यलं. शंभर पावलं मांग जाऊन रोड पाह्यला का? नाई पाह्यला! तुले मारायची घाई होती!"

माझी बायको दारात येऊन उभी होती. थोरल्यानं क्रँककडं जाऊन पहिल्या जर्नलवर नख ठेवलं. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. शेवटी त्या ओल्या बेअरिंगला बोट लावलं आणि ते बोट स्वतःच्या डोळ्यासमोर धरून पाहत राहिला. मला वाटलं, आता हा घेरी येऊन पडतो.

पडला नाही. त्यानं हँडल धाकट्याच्या पुढं ठेवलं आणि आपला उजवा हात माझ्या टेबलावर, लोखंड आवळायच्या व्हाइसच्या शेजारी, पालथा ठेवला.

"मार," तो म्हणाला.

आता आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात असतं, तर धाकट्यानं हँडल फेकून भावाच्या पायावर लोळण घेतली असती, पेटी वाजली असती आणि बायाबापड्यांनी डोळे पुसले असते. मीही तेच होईल म्हणून निवांत उभा होतो. धाकटा उठला. डाव्या हातानं त्यानं हँडल उचललं, जरा तोललं, आणि घातलं. नावापुरतं नाही. सगळा जोर लावून. टेबलावरचे नटबोल्ट उडाले. थोरला गुडघ्यावर आला आणि त्याच्या तोंडून "आई वो" निघालं. हँडल पुन्हा वर गेलं.

"बस्स!" माझी बायको किंचाळली. "बस्स झालं!"

हँडल वरच थांबलं. "लागलं का?" धाकट्यानं भावाला विचारलं. "सांग ना, लागलं का? तू मले येवढंबी इचारलं नाई. दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत नाई इचारलं!" आणि हँडल त्यानं असं भिरकावलं, की ते पत्र्याच्या भिंतीवर आदळून माझ्या वेल्डिंग मशीनच्या मागं पडलं. तेव्हापासून ते तिथंच आहे. मग तो रडायला लागला, हमसून हमसून, लहान पोरासारखा.

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. फार बरं वाटलं. असं वाटायला नको, हे मलाही समजतं, आणि बायकोनं त्यावरून मला चार शब्द ऐकवलेही. पण त्या घावानं माझ्या मांडीवरचं काळंनिळं जरा दुखायचं थांबलं, हे खरं.

पुन्हा तोच दवाखाना, तोच डॉक्टर. थोरल्याचं मनगट सुजून भोपळा झालेलं. डॉक्टरनं एकदा याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्या प्लास्टरकडं. "आता हे कसं झालं?"

"जीपचं हँडल उलटं मारलं," धाकटा पटकन म्हणाला.

मी छताकडं पाहायला लागलो. जीप माझ्या गॅरेजात तुकडे होऊन पडलेली, इंजिन चेनपुलीवर, क्रँक दोराला, आणि म्हणे हँडल उलटं मारलं!

"नाई, डॉक्टर," थोरला म्हणाला. बाहेर बाकावर पेशंट बसले होते, नर्स उभी होती, या भावांच्या गावचे दोघे-तिघेही होते. त्यानं आवाज खाली केला नाही. "हँडलनं ना आज मारलं, ना काल मारलं. काल मी मारलं याले. याचा काई कसूर नवता. आज यानं मले मारलं. लिवाचं असन तर असं लिवा."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. पोलिसात द्यायचं आहे का, असं विचारलं. दोघेही एकदम "नाई" म्हणाले, आणि एकमेकांकडं पाहिलंही नाही.

वाघाच्या भीतीनं आमच्याकडं दिवस मावळायच्या आत घर गाठतात. बस गेलेली. मग मीच दोघांना मोटारसायकलवर घातलं, मध्ये धाकटा, मागं थोरला, दोन प्लास्टरं, आणि निघालो. वाटेत तो उतार लागला. नाल्याच्या पुलाच्या बऱ्याच वर, डांबरावर तेलाचा मोठा काळा डाग होता, धूळ बसून घट्ट झालेला. "थांबा मिस्त्री," थोरला म्हणाला. मी थांबलो. तो उतरला नाही. बसल्या जागेवरूनच त्यानं तो डाग पाहिला, मग म्हणाला, "चला."

घरापुढं गाडी उभी केली. छपरीत, खांबाला टेकून, गाठोडं होतं. जुन्या लुगड्यात बांधलेलं, वर पोरीचं दप्तर ठेवलेलं. धाकट्याची बायको दारात आली. तिनं नवऱ्याला पाहिलं, मग जेठाचं प्लास्टर पाहिलं.

थोरला छपरीत गेला. दप्तर उचलून खुंटीला अडकवलं. मग गाठोड्यापुढं खाली बसला आणि डाव्या हातानं गाठ सोडायला लागला. लुगड्याची गाठ, ओढून ओढून मारलेली. एका हातानं कशी सुटणार? सरकायची आणि पुन्हा आवळायची. मी पुढं झालो, तर धाकट्यानं मला दंडाला धरून थांबवलं. त्याची बायको दोन पावलांवर उभी होती, तिचे दोन्ही हात धड होते, आणि गाठ तिनंच मारली होती. ती जागची हलली नाही. पदर खोचून उभी राहून ती पाहत होती.

शेवटी थोरला वाकला आणि त्यानं ती गाठ दातांनी सोडली.